छाती कोण मोजतं?

पहाटेचे पाच. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला आमची सात जणींची टोळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधूनच ठिबकचा आवाज, आणि अंगावर येणारे ट्रक. कोणी भरतीसाठी धावतं, कोणी कबड्डीसाठी, आणि माझ्यासारख्या एखाद-दोघी नुसत्याच, डोकं शांत राहावं म्हणून. तीन राउंड झाल्यावर आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून पाणी पीत होतो, तेव्हा आमच्यातली एक जण एकदम म्हणाली, "ए, इम्प्लांट केल्यावर धावता येतं का गं?"

आधी कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा दोघी हसल्या. एक म्हणाली, "येडी झाली का?" दुसरीने बुटाची लेस परत बांधायला घेतली, जी सुटलेलीच नव्हती. मीही काही बोलले नाही. मला उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या प्रश्नाचीच लाज वाटली होती.

ही मैत्रीण एकवीस वर्षांची आहे. कबड्डीत रेडर. पोलीस भरतीची तयारी करते. पुश-अप्स सलग मारते, आमच्यात सगळ्यात जास्त. आणि सातवीपासून "पाटी", "सपाट रस्ता", "मुलगा वाटते" असं काहीबाही ऐकत आली आहे. वर्गातल्या मुलांकडून ऐकलं, ते एक वेळ ठीक. पण लग्नाच्या पंगतीत काकू-मावशींकडूनही ऐकलं. आता तिच्या फोनवर रोज एक जाहिरात येते: बिफोर-आफ्टरचे फोटो आणि खाली "सोपे हप्ते". रील एकदा थांबून पाहिलं, की पुढचे पंधरा दिवस तेच.

त्या दिवशी हसलो, ते चूक होतं. कारण तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता. "केलं तर कशी दिसेन?" हे तिला विचारायचंच नव्हतं. "केलं तर माझं धावणं, माझी रेड, माझे पुश-अप्स यांचं काय?" हे तिला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न लाजेने गिळून टाकण्यासारखा नाही, आणि हप्त्यांच्या जाहिरातीवर सोडून देण्यासारखा तर मुळीच नाही.

दोन्ही बाजूंनी सुटका

असा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला घरातला: "देवाने दिलंय ते नीट सांभाळा, कशाला हे नखरे?" दुसरा इन्स्टावरचा: "माय बॉडी, माय चॉइस, कर बिनधास्त." ऐकायला दोन्ही एकदम उलटे. पण नीट पाहा, दोघेही त्या मुलीला एकटं सोडून मोकळे होतात. पहिला तिला गप्प बसवतो. दुसरा पाठीवर थाप मारतो आणि पुढच्या स्टोरीवर जातो. ऑपरेशन टेबलावर जाण्याआधी काय विचारायचं, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

चॉइस म्हणायचं तर आधी माहिती हवी. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सर्व्हिस सेंटर जळगावला आहे का ते विचारतो. आणि जी वस्तू अंगात बसवायची, तिच्याबद्दल फक्त फोटो बघून ठरवायचं?

म्हणून मी पुढचे काही आठवडे वाचत बसले. ओळखीच्या एका डॉक्टर ताईंचं डोकंही खाल्लं. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी रोजचा दिवस, मग साइज

सिलिकॉनचं इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं गेलं ते 1962 साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. तेव्हापासून प्रकार बदलत गेले, तरी मूळ गोष्ट तीच. बाहेरून सिलिकॉनचं आवरण. आत एक तर सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, नाही तर सिलिकॉनचं जेल. हल्लीचं जेल घट्ट असतं, जेलीच्या गोळीसारखं.

धावणाऱ्या, वजन उचलणाऱ्या मुलीसाठी खरा फरक पडतो तो ते कुठे बसवतात यावर. छातीवर एक मोठा पसरट स्नायू असतो. पुश-अप मारताना, गोळा ढकलताना, कबड्डीत समोरच्याला रेटताना तोच कामाला येतो. इम्प्लांट या स्नायूच्या वर बसवता येतं, किंवा पूर्ण वा अर्धवट त्याच्या खाली.

खाली बसवलं तर वरून स्नायूचं पांघरूण मिळतं. सडपातळ मुलीत कडा कमी दिसतात, आणि पुढे मॅमोग्राफी करताना अडथळाही तुलनेने कमी होतो. पण स्नायू आवळला की इम्प्लांटही त्याच्यासोबत वर किंवा बाजूला सरकतं. एरवी ठीक दिसणारी छाती पुश-अप मारताना वेगळ्याच आकाराची दिसू शकते. ऑफिसात बसून काम करणाऱ्या बाईला हे महिन्यातून एकदाही जाणवणार नाही. रोज शंभर पुश-अप्स मारणारीला रोज शंभर वेळा जाणवेल.

वर बसवलं तर स्नायू मोकळा राहतो, हालचालीसोबत सरकणं टळतं. म्हणून खेळाडूंसाठी पुष्कळ सर्जन या बाजूचा विचार करतात. पण अंगावर मांस कमी असेल, तर कडा आणि सुरकुत्या दिसण्याची शक्यता वाढते. इम्प्लांटभोवती शरीर आपोआप एक पातळ आवरण तयार करतं. ते कधी कधी आवळून कडक होतं आणि दुखतं. हा त्रास वर बसवलेल्यांत जास्त दिसतो. थोडक्यात, दोन्हीकडे काहीतरी सोडावं लागतं. नक्की काय सोडायचं, हे तुमचा दिवस कसा जातो त्यावर ठरायला हवं.

इथे माझ्या मैत्रिणीची गंमत बघा. पोलीस भरतीत मुलींची मैदानी चाचणी 50 गुणांची: 800 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, आणि चार किलोचा गोळा फेकणे 15. या पन्नासात असं काय आहे, जे छाती मोठी केल्याने वाढेल? काहीच नाही. उलट गोळ्याचे पंधरा गुण त्याच स्नायूच्या जोरावर आहेत, ज्याच्या वर किंवा खाली ही वस्तू बसणार आहे.

आणखी एक. भरतीत मुलांची छाती मोजतात. न फुगवता 79 सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर निदान पाच सेंटिमीटरने वाढली पाहिजे. मुलींची छाती मोजत नाहीत, तिथे फक्त उंची बघतात. म्हणजे सरकारला जे मोजायची गरज वाटत नाही, ते गावातला जो तो येता-जाता मोजत असतो.

ज्वारीच्या पिशव्या

साइजचं बोलू. इम्प्लांट सीसीमध्ये मोजतात, आणि जेल असो वा सलाइन, वजन साधारण पाण्याच्या जवळपास. म्हणजे 300 सीसीचं एक इम्प्लांट ढोबळमानाने तीनशे ग्रॅम. दोन मिळून अर्ध्या किलोच्या वर. ऐकायला काहीच नाही. पण धावताना छाती जागच्या जागी राहत नाही. वर-खाली, डावी-उजवी आणि पुढे-मागे अशी तिन्ही बाजूंनी हलते. छातीच्या आत तिला धरून ठेवणारा स्नायू नसतो, असते ती त्वचा आणि आतले नाजूक तंतू. जेवढं वजन जास्त, तेवढा प्रत्येक पावलाला त्यांच्यावर ताण जास्त.

बऱ्याच मुली सर्जनकडे जाण्याआधी घरी एक प्रयोग करतात: मोज्यात तांदूळ भरून ब्रामध्ये ठेवून दिवसभर वावरायचं. आम्ही खानदेशातल्या, म्हणून तांदळाऐवजी घरातली दादर घेतली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनशे-तीनशे ग्रॅम तोलली, मोज्यांना गाठी मारल्या आणि मैत्रिणीला म्हटलं, पळ. पहिल्या राउंडला आम्ही सगळ्या हसून हसून वाकलो. ती पण. दुसऱ्या राउंडला ती हसत नव्हती. तिसऱ्याला थांबली, खांदे चोळत म्हणाली, "सवय होईल ना?"

होईलही. हेही खरं, की पिशवी बाहेर लोंबते आणि इम्प्लांट आत बसलेलं असतं, त्यामुळे प्रयोग तंतोतंत नाही. पण एक गोष्ट तिला तेव्हाच कळली: फोटोतल्या मुलीला धावायचं नव्हतं, तिला आहे. घ्यायचंच ठरलं, तर तिचा आकडा त्या फोटोवरून नाही, तिच्या छातीच्या रुंदीवरून आणि तिच्या मैदानावरून निघेल. आणि तो बहुधा जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा लहान असेल.

आकाराचंही तसंच. गोल इम्प्लांट आत फिरलं तरी गोलच दिसतं. थेंबाच्या आकाराचं फिरलं तर छातीचा आकार बिघडतो. ते फिरू नये म्हणून त्याचं आवरण बहुतेक वेळा खरखरीत ठेवतात. या खरखरीत आवरणाशी एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमाचा, म्हणजे लसीका पेशींच्या कॅन्सरचा संबंध आढळला, आणि 2019 च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीला अशी इम्प्लांट्स जगभरातून परत मागवावी लागली. आजार दुर्मीळ आहे, घाबरवायला सांगत नाहीये. पण "आवरण गुळगुळीत की खरखरीत?" हा प्रश्न तुम्हाला विचारता आलाच पाहिजे.

एकदा केलं की झालं, असं नसतं

जाहिरातीत जे सगळ्यात बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच, ते हे: इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापणं सक्तीचं केलं, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. जितकी वर्षं जातील, तितकी दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता वाढत जाते. आतलं जेल फुटलं तर कधी कधी बाहेरून काही कळतही नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी एकदा आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून बघा, असा त्यांचा सल्ला आहे. एकविसाव्या वर्षी ऑपरेशन करणाऱ्या मुलीने हा हिशोब साठीपर्यंत मांडावा. हप्ते दोन वर्षांत फिटतील, तपासण्या नाही फिटणार.

वयाचंही आहे. तिकडच्या नियमात केवळ आकार वाढवण्यासाठी सलाइनचं इम्प्लांट अठरानंतर आणि जेलचं बावीसनंतर, अशी वयाची अट आहे. कारण साधं आहे. विशीच्या सुरुवातीपर्यंत शरीर बदलत असतं. आपल्या कॉलेजातला मोठा वर्ग या रेषेच्या अलीकडे आहे.

मग येतो आरामाचा काळ. चालणं लवकर सुरू करता येतं. पण धावणं, उड्या, वजन उचलणं, पुश-अप्स यांना साधारण सहा आठवडे सुट्टी, आणि छातीच्या व्यायामाला कधी कधी त्याहून जास्त. नेमकं किती ते तुमचा सर्जन सांगेल. भरतीची तारीख जाहीर झाली आणि तुम्ही टाके सांभाळत बसलात, असं व्हायला नको. भरतीत वैद्यकीय तपासणीही असते, त्यामुळे झालेल्या ऑपरेशनबद्दलचे नियम आधीच विचारून ठेवा.

आणि अंतर. ऑपरेशन पुण्या-मुंबईला, आपण रावेरला. चौथ्या रात्री एका बाजूला सूज आली, ताप चढला, तर जायचं कुठे? "व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा" हे उत्तर पुरेसं नाही. जळगावला किंवा भुसावळला तुम्हाला बघेल असं कोण आहे, हे आधी ठरलेलं हवं. आरोग्य विमाही यात कामाला येत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर त्याला अपवाद आहे.

आणि ज्यांना खरंच हवं असतं

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "बघ, म्हणजे करूच नये." नाही, माझं ते म्हणणं नाही.

काही मुलींच्या एका बाजूचा छातीचा स्नायूच जन्मतः नसतो किंवा अर्धवट असतो. काहींच्या दोन बाजूंत एवढा फरक असतो, की जर्सी घालणं नको वाटतं. कॅन्सरमध्ये स्तन काढावा लागलेल्या बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत, फक्त त्या बोलत नाहीत. त्यांच्यासाठी हा नखरा नाही. आणि त्यांच्याही बाबतीत "तुम्ही दिवसभर काय करता?" हाच पहिला प्रश्न हवा. पुनर्रचना इम्प्लांटने होते, तशीच स्वतःच्या शरीरातला भाग वापरूनही होते. एका पद्धतीत पाठीचा मोठा स्नायू पुढे आणतात. दुसऱ्या एका पद्धतीत पोटाचा स्नायू वापरतात. अलीकडच्या पद्धतीत पोटावरची फक्त त्वचा आणि चरबी घेऊन स्नायू जागेवर ठेवतात. जी बाई रोज चाऱ्याचा भारा डोक्यावर घेते, विहिरीवरून पाणी ओढते, निंदणीला वाकते, तिच्यासाठी पाठीचा की पोटाचा स्नायू जाणार, हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. 'अॅक्टिव्ह लाइफस्टाइल' म्हटलं की आपल्यासमोर जिममधली मुलगी येते. आपल्या तालुक्यातली सगळ्यात अॅक्टिव्ह बाई जिमला कधीच गेलेली नाही.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप. तिने 2009 मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, छाती लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, कारण खेळताना वजनाचा त्रास होत होता. पुढे 2018 मध्ये तिने फ्रेंच ओपन जिंकली, 2019 मध्ये विम्बल्डन. शस्त्रक्रियेमुळे जिंकली असं मी म्हणणार नाही, ती खेळाडूच तशी होती. पण तिने निर्णय कशावरून घेतला ते पाहा. कोण काय म्हणतं यावरून नाही, कोर्टवर शरीर काय सांगतंय त्यावरून. माझ्या मैत्रिणीचा निर्णय काहीही होवो, तो याच पायावर उभा राहावा असं मला वाटतं.

ब्राचं काय?

सगळं वाचून झाल्यावर मी मैत्रिणीला विचारलं, "तू धावताना घालतेस काय?" ती म्हणाली, "एकावर एक दोन. घट्ट वाटतं." आमच्या सात जणींपैकी पाच जणी हेच करत होत्या. म्हणजे आम्ही लाखाच्या पुढच्या ऑपरेशनवर चर्चा करत होतो, आणि साधी स्पोर्ट्स ब्रा कोणाकडे धड नव्हती.

स्पोर्ट्स ब्रा ही काही पुराणातली वस्तू नाही. 1977 मध्ये अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी ती तयार केली. पहिला नमुना पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट-पट्टे एकत्र शिवून केला होता. पुरुषांच्या अंगाची सोय खेळात आधीच झाली होती, बाईची तिला स्वतःला शिवून घ्यावी लागली. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर एक अख्खा संशोधन गट काम करतो. त्यांनी 2016 मध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलींचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, त्यात जवळपास निम्म्या मुलींनी सांगितलं, की छातीमुळे त्यांच्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. तिकडे निम्म्या. इकडे कोणी विचारलंच नाही.

आपल्याकडे ब्रा कशी घेतो? दुकानात काका समोर. आपण हळू आवाजात "बत्तीस" म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी आईने बत्तीस घेतली होती. घालून बघायचा प्रश्नच नाही. काका एक बॉक्स काढतात, न बघता कागदात गुंडाळतात, काळ्या पिशवीत घालतात. तो कागद बहुतेक वेळा वर्तमानपत्राचा असतो. कदाचित हीच पुरवणी. म्हणून म्हटलं, नुसतं गुंडाळण्यापेक्षा एकदा या कागदावर छापूनच टाकू.

बघा, एवढं लक्षात ठेवा. आधार मुख्यतः खालच्या पट्ट्याचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांचा नाही. पट्टा गोल सरळ बसला पाहिजे, मागून वर चढता कामा नये, आणि आत दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. वरून किंवा काखेतून छाती बाहेर येत असेल तर कप लहान आहे. घालून चार उड्या मारून पाहा. दुखलं, हाललं, खांद्यात रुतलं तर ती तुमची नाही. छाती लहान असली तरी धावताना हालते, त्यामुळे "मला काय गरज" हे चूक. आणि उद्या इम्प्लांट केलं, तरी ही लागणारच, जास्तच लागेल.

मैत्रिणीने भुसावळला जाऊन एक घेतली. दुसऱ्या दिवशी पळून आली आणि म्हणाली, "बारावीपासून मी उगाच कुबड काढून धावत होते गं." तिचे खांदे खरंच मागे गेले होते.

मग आता काय?

मला काही मोठ्या मागण्या करायच्या नाहीत. छोट्या आहेत, आणि रावेर, सावदा, फैजपूरच्या कुठल्याही कॉलेजला जमतील अशा.

एक, वर्षातून एकदा लेडी डॉक्टरचं मोकळं सत्र ठेवा. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारता येतील असं. पाळीवर सत्रं होतात, चांगलंच आहे. छातीवरही एक होऊ द्या. दोन, मुलींच्या खेळाच्या किटमध्ये जर्सी, शॉर्ट्स, बूट असतात, त्यात स्पोर्ट्स ब्रा लिहा. यादीत छापलं की घरी मागायला तोंड मिळतं. तीन, दुकानदार काकांनो, काउंटरवर एक ताई ठेवा आणि एक पडद्याची खोली करा. तुमचाच धंदा वाढेल.

आणि जिला इम्प्लांटचा विचार करायचा आहे, तिच्यासाठी: सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्या तोडीचं शिक्षण घेतलेला आहे का, ते आधी बघ. स्नायूच्या वर की खाली, आणि का, ते विचार. आवरण कुठलं, टाका कुठे येणार, धावायला कधी मिळणार, पुढे बाळाला पाजण्यावर आणि संवेदनेवर काय परिणाम होऊ शकतो, दुसरं ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा, सगळं विचार. इम्प्लांटचा नंबर असलेलं कार्ड जपून ठेव, आधार कार्डासारखं. आणि एक खूण सांगते. "रोज पहाटे पाच वाजता तू काय करतेस?" हे ज्या डॉक्टरने विचारलंच नाही, त्याच्या केबिनमधून धन्यवाद म्हणून उठ.

मैत्रिणीने काय ठरवलं, असं तुम्ही विचाराल. तिने ठरवलं, की भरती होईपर्यंत काही ठरवायचं नाही. वर्दी मिळाली, स्वतःचा पगार सुरू झाला, आणि तेव्हाही मनात असेल, तर जाऊन नीट विचारेन, म्हणाली. तेव्हा कदाचित ती करेल. कदाचित विसरूनही जाईल. दोन्ही वेळा मी सोबत जाईन, आणि यावेळी हसणार नाही.

परवा परत पुलावर बसलो होतो. आमच्यात नवीन आलेली अकरावीची एक मुलगी बराच वेळ घुटमळली, मग हळूच म्हणाली, "ताई, धावताना दुखतं, हे नॉर्मल आहे का?"

या वेळी कोणीच लेस बांधायला वाकली नाही. सरकून तिला मधे जागा केली आणि म्हटलं, "बस. कुठे दुखतं ते सांग."